नेहमीच्या मसाल्याचा नकाशा

तुम्हाला एक गोष्ट हवी आहे, पण तिचं नाव तुम्हाला माहीत नाही. ती दिसते कशी, लागते कशी, तेही माहीत नाही. मग ती शोधायची कशी? प्रश्न वेडगळ वाटतो ना? शाल्मली बारबोलेलाही तो तसाच वाटला होता. पण त्या उन्हाळ्यात याच प्रश्नानं तिची पाठ धरली, आणि उत्तर शोधायला तिच्या हातात मोजून अकरा दिवस होते.

झालं असं, की बार्शीजवळ एक अवकाश-दळणवळण केंद्र होतं (दूरवरच्या यानांशी आणि वसाहतींशी इथून बोलणं चालायचं). केंद्राच्या वसाहतीत चारशे बारा घरं. कुणी मालवणहून नोकरीला आलेलं, कुणी गोंदियाहून, कुणी नंदुरबारहून. जेवणाच्या वेळी वसाहतीतून नुसती एक चक्कर मारली तरी नाक अख्खा महाराष्ट्र फिरून यायचं. शाळेनं सातवीच्या मुलांना सुटीचं काम दिलं होतं, की वसाहतीतल्या खवय्यांसाठी एक संकेतस्थळ तयार करा (संकेतस्थळ म्हणजे एकमेकांना जोडलेली पानं, ती जगात कुठूनही उघडता येतात). त्याचा आराखडा शाल्मलीकडे आला. तिनं छापील अर्ज वाटले, घरटी एक अशा चारशे बारा पाककृती जमवल्या, आणि अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं लावूनही टाकल्या. वर मिसळीचा झणझणीत फोटो. बाईसाहेब स्वतःवर भलत्याच खूश होत्या.

मग मंगळावरून आर्द्रा आली.

आर्द्रा ही शाल्मलीची मावसबहीण, कुंदामावशीची मुलगी. वय वर्षं अकरा, जन्म मंगळावरचा. तिथल्या वसाहतीत शेती अजून सुरू झाली नव्हती. तिथली त्रेसष्ट मुलं एकच पदार्थ खाऊन वाढलेली, शेवाळाच्या पिठाची आंबवलेली पातळ पेज. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, वाढदिवसाला जरा घट्ट पेज. आता मायलेकी कायमच्या राहायला आल्या होत्या. पण पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण (ग्रह आपल्याला खाली खेचतो ती ओढ) मंगळाच्या अडीच पटींहून जास्त. ते पेलायचं तर हाडामांसाला भरपूर खुराक हवा, आणि आर्द्रा तर काही खाईना.

यात दोष तिचा एकटीचा नव्हता. मंगळावरची पोर आली म्हटल्यावर वसाहतीतल्या बायका डबे घेऊन दारात हजर. पुरणपोळी काय, पांढरा रस्सा काय, खानदेशी भरीत काय. आणि जोडीला आग्रह. एक घास माझा, एक घास काकांचा, एवढा एक तर घेच. आपल्याकडे माया दाखवायची रीतच ती. आर्द्राला मात्र प्रत्येक घासाला नवा वास, नवा रंग, नवा चटका. दुसऱ्या दिवशी तिनं सगळं ओकून टाकलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. येताना आणलेली पेजेची पाकिटं तेवढी ती खायची. त्यातली बावीस उरली होती, आणि दिवसाला दोन लागत होती.

केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पोरीचं वजन आज सत्तावीस किलो सहाशे ग्रॅम. पाकिटं संपतील त्या दिवशी पुन्हा मोजू. काटा सत्तावीसच्या खाली गेला, तर याच महिन्यात परत निघणाऱ्या यानात तिला बसवावं लागेल. त्याच्या पुढचं यान दोन वर्षांनी, आणि तोवर मंगळावर वाढलेली हाडं पृथ्वीवर उभी राहायच्या कामाची उरणार नाहीत. म्हणजे गेली ती कायमचीच. कुंदामावशी ओट्याकडे तोंड करून रडली, आणि ते शाल्मलीनं पाहिलं.

तिनं धावत जाऊन आपलं संकेतस्थळ आणलं. चारशे बारा पदार्थ आहेत, एक तरी आवडेलच की. आर्द्रानं पडद्यावर बोट धरलं. अ वरून बोट आ वर गेलं, मग क वर, मग थ वर. अळूवडी, आमटी, कटाची आमटी, थालीपीठ. बोट वर-खाली फिरत राहिलं, टेकलं मात्र कुठंच नाही. शेवटी तिनं हात मागं घेतला.

"मला यातलं एकही नाव माहीत नाही," आर्द्रा म्हणाली. "मग मी काय शोधू?"

तिथंच आरामखुर्चीत दोघींचे आजोबा बसले होते. आबा म्हणजे जालशास्त्रज्ञ (कुठली गोष्ट कशाकशाशी जोडलेली आहे, याचा अभ्यास करणारा माणूस). साऱ्या हयातीत त्यांनी कुठल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं असेल तर शपथ. नातीच्या फिरणाऱ्या बोटाकडे ते टक लावून बघत होते.

"शालू, हे घर तू कुणासाठी बांधलंस?" त्यांनी विचारलं. "ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे, त्याच्यासाठी?"

शाल्मलीला राग आला. मिसळीचा फोटो लावायला तिला तीन दिवस लागले होते. पण विचार करता करता तिचं तिलाच कळलं, की अ पासून ज्ञ पर्यंतची यादी बनवणाऱ्याच्या सोयीची असते. ज्याला नाव माहीत आहे तो चटकन पोचतो. ज्याला नाही, तो दाराशीच उभा राहतो. आणि संकेतस्थळाचा आराखडा करताना पहिला विचार दाराशी उभ्या असलेल्याचाच करायचा असतो.

मग आर्द्राला काय ठाऊक आहे? फक्त पेज. तर मग सुरुवात पेजेपासून. पेजेशी ज्याचं सगळ्यात जवळचं नातं असेल असा पदार्थ शोधायचा, मग त्याच्या जवळचा, मग त्याच्या. पण चारशे बारा पदार्थांत कोण कुणाच्या जवळचा, हे ठरवायचं कुणी?

हे काम टिपण्याकडे गेलं. टिपण्या हा आबांनी स्वतः जोडलेला घरचा यंत्रमानव, हिशेबात पक्का आणि स्वभावानं जरा आगाऊ. आबांनी समजावून सांगितलं ते असं. प्रत्येक पदार्थाचा एक ठिपका करायचा. दोन पदार्थांत जेवढं जास्त सारखं असेल, म्हणजे जिन्नस, आंबवणं, भाजणं, तळणं असलं काहीही, तेवढी त्या दोन ठिपक्यांना एकमेकांची ओढ लावायची. शिवाय सगळ्या ठिपक्यांनी एकमेकांना थोडं थोडं ढकलायचंही, म्हणजे ते एकावर एक चढणार नाहीत. आणि मग सोडून द्यायचं. लग्नाच्या पंगतीत नाही का, कुणी कुणाला जागा नेमून देत नाही, तरी ओळखीचे ओळखीच्यांजवळ सरकतात आणि दहा मिनिटांत घोळके होतात. ठिपकेही तसेच आपापल्या जागी जाऊन बसतील.

टिपण्यानं बैठकीच्या भिंतीवर ठिपके सोडले. ते सरकले, घुटमळले, आणि बघता बघता सगळेच्या सगळे मधोमध गोळा झाले. बासुंदी, सुक्का मटण, शेवग्याची आमटी, सगळा एकच लगदा. टिपण्यानं जाहीर केलं, की त्याच्या हिशेबाप्रमाणे वसाहतीतली चारशे बारा घरं मिळून एकच पदार्थ खातात. शाल्मलीला हसू आलं नाही. पाकिटं आता अठरा उरली होती.

आबांनी तिला उलट विचारलं, समजा तू शाळेत एकाला निरोप दिलास, की गणवेश घातलेली मुलगी शोधून आण. तो आणेल का? शाल्मली म्हणाली, कसा आणेल, गणवेश तर सगळ्याच घालतात. आणि कानामागं मोठा तीळ असलेली मुलगी म्हटलं तर? तर आणेल, तशी एकच असेल.

इथं शाल्मलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जी गोष्ट सगळ्यांकडे असते, ती कुणाचीच ओळख सांगत नाही. मीठ बहुतेक सगळ्या पाककृतींत होतं. त्या मिठाच्या ओढीनंच सगळे ठिपके एका जागी आले होते. तिनं टिपण्याला सांगितलं, की जो जिन्नस जितक्या जास्त घरांत, त्याची ओढ तितकी कमी धर, आणि जो मोजक्या घरांत त्याची जास्त. मिठाची ओढ जवळजवळ शून्य झाली. पाणी गेलं, हळद गेली, मोहरी गेली.

लगदा थोडा सैल झाला. गोडाचे पदार्थ सुटून एका बाजूला गेले, पातळ ताकाचे पदार्थ कडेला रेंगाळले. पण मोठा गोळा होता तसाच राहिला. बारकाईनं पाहिल्यावर शाल्मलीचा चेहरा उतरला. तीनशे चार अर्जांत एक ओळ अक्षरशः सारखी होती, 'आपला नेहमीचा मसाला'. इतक्या घरांत सारखी म्हणून तिची ओढ आता नसल्यासारखीच होती, पण एका घरचा रस्सा दुसऱ्या घरच्या रश्शाहून वेगळा ओळखायचा तर मसाल्यात काय आहे ते कळायला हवं, आणि ते त्या ओळीखाली झाकलेलं. वर लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी, की ही ओळ घराघरांतल्या बायकांनी लिहिलीच नव्हती. लिहिण्याचा वेळ वाचावा म्हणून शाल्मलीनंच अर्जावर तसा चौकोन छापला होता. बायकांनी फक्त बरोबरची खूण केली होती. तिच्या घरात सगळे तसंच म्हणायचे, तेव्हा सगळीकडे नेहमीचा म्हणजे तोच, असं तिनं धरून चाललं होतं.

आता पुन्हा तीनशे चार दारं. वर्गातली मुलं आपापल्या गल्ल्या वाटून घेऊन निघाली, रणरणत्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधून. उत्तरंही एकेक ऐकण्यासारखी. नेहमीचा म्हणजे नेहमीचा, त्यात काय सांगायचं, असं निम्म्या काकू म्हणाल्या. मग डबा उघडून दाखवत. एकीच्या डब्यात दगडफूल आणि सुकं खोबरं, दुसरीच्या लसणाचा भपकारा, तिसरीच्या तिरफळं, चौथीच्या नुसतीच सुकी मिरची आणि धने. प्रत्येकीला आपलाच नेहमीचा वाटायचा. शेजारणीचा मसाला वेगळा आहे, हे पंधरा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या दोघींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि दोघी एकमेकींच्या डब्यात नाक घालून उभ्या राहिल्या.

तीन दिवस गेले. पाकिटं बारा. आर्द्राचं वजन सत्तावीस किलो शंभर.

सहाव्या दिवशी दुपारी बैठकीचे पडदे ओढले आणि टिपण्यानं ठिपके पुन्हा सोडले. ठिपके मधोमध आले, क्षणभर थरथरले, आणि उमलू लागले. एक घोळका तुटून डावीकडे गेला. एक खाली सरकला. एक दूर उजवीकडे जाऊन स्थिरावला. मधल्या मधल्या ठिपक्यांच्या माळा लागल्या. सगळी भिंत भरून गेली, आणि प्रत्येक ठिपक्यापासून शेजाऱ्यांकडे बारीक, उजळ रेघा निघाल्या. शाल्मलीनं एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

आबांनी हळूच सांगितलं, की आता प्रत्येक ठिपक्याला त्या घराच्या मूळ गावाचा रंग दे. कोकणाला निळा, खानदेशाला पिवळा, विदर्भाला नारिंगी, असं ठरलं. टिपण्यानं अर्जांवरची गावं आत्ता पहिल्यांदा वाचली आणि रंग भरले. निळे सगळे एकत्र होते. पिवळे सगळे एकत्र होते. नारिंगी उजवीकडे, मराठवाडा आणि सोलापूर मध्ये, कोल्हापूर-सांगली त्यांना खेटून. टिपण्यानं सगळं चित्र थोडं फिरवलं, एकदा उलटं केलं, आणि कुंदामावशीच्या तोंडून अगं बाई निघून गेलं. समोर महाराष्ट्राचा नकाशा होता. थोडा वेडावाकडा, एका कोपऱ्यात दबलेला, पण ओळखू येणारा.

"टिपण्या, ठिपके सोडताना तुला गावं कुणी सांगितली होती?" शाल्मलीनं विचारलं.

टिपण्या म्हणाला, कुणीच नाही. तेव्हा त्याला फक्त डब्यांत काय आहे ते सांगितलं होतं.

मग आबा बोलले, आणि या वेळी उलटा प्रश्न न विचारता सरळ बोलले. जिथं पाऊस धो धो पडतो तिथं नारळ आणि भात होतो. जिथं काळी जमीन आणि पाऊस बेताचा, तिथं ज्वारी, करडई, तीळ. जे शेतात येतं तेच माणूस डब्यात भरतो. गाव सोडून शंभर कोसांवर आला, घर बदललं, नोकरी बदलली, तरी डबा तोच भरत राहतो. म्हणून जमीन, पाऊस, डोंगर, सगळं त्या डब्यात असतं. त्या काकू नेहमीचा मसाला म्हणाल्या तेव्हा आपल्या गावच्या मातीचंच नाव घेत होत्या, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. शाल्मली भिंतीकडे बघत राहिली. रोज ताटात वाढलेल्या आमटीत एवढं सगळं मावलेलं असतं, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

"आणि मी कुठं आहे?" आर्द्रानं विचारलं.

टिपण्यानं पेजेचं पाकीट उलटून मागची अक्षरं वाचली. शेवाळाचं पीठ, रात्रभर आंबवलेलं, पाण्यात शिजवलेलं, मीठ. एक लाल ठिपका भिंतीवर उमटला, आणि सगळ्यांपासून दूर, अगदी कडेला जाऊन एकटाच थांबला. कुणीच त्याला ओढेना. आर्द्रानं मान खाली घातली. तेवढ्यात त्या ठिपक्यातून एक रेघ निघाली. बारीक, जेमतेम दिसणारी. ती पातळ पदार्थांच्या कडेपर्यंत पोचली आणि एका ठिपक्यावर टेकली. ज्वारीची आंबील, घर क्रमांक दोनशे सात. रात्रभर आंबवलेलं पीठ, पाण्यात शिजवलेलं, ताक, मीठ, आणि थोडा लसूण. कोट्यवधी किलोमीटरवरच्या ग्रहापासून सोलापूर जिल्ह्यातल्या एका स्वयंपाकघरापर्यंत एक धागा निघाला होता.

दोनशे सातमध्ये दगडूकाका गुंड राहायचे, एकटेच. त्यांनी लसूण न घालता आंबील केली. शाल्मलीनं सगळ्यांना बजावलं होतं, की आग्रह करायचा नाही, कुणी तोंडाकडे बघायचंसुद्धा नाही. त्यामुळे पाच माणसं पाच दिशांना बघत बसली. आर्द्रानं वाटी हुंगली, चमच्याचं टोक जिभेला लावलं आणि थांबली. मग पुन्हा लावलं. बऱ्याच वेळानं चमचा वाटीच्या तळाला घासल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच नकाशावर बोट ठेवलं. आंबिलीपासून निघालेल्या रेघा तिनं नीट पाहिल्या आणि ताकातल्या कण्यांवर गेली. तिथं ज्वारी तीच, ताक तेच, फक्त दाणा जरा जाडा. तिथून मऊ भात आणि कढी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नेम तिचा तिनंच काढला. तिसऱ्या दिवशी शाल्मलीला घाई झाली आणि तिनं मधले चार ठिपके ओलांडून झुणका पुढं केला. आर्द्रानं शांतपणे ताटली बाजूला सारली, नकाशापाशी गेली, आणि त्या चार ठिपक्यांवर एकेक करून बोट ठेवून दाखवलं. शाल्मलीनं मुकाट्यानं झुणका स्वतः खाल्ला.

संकेतस्थळाचं पहिलं पान त्याच दिवशी बदललं. मिसळीचा फोटो गेला, अ ते ज्ञ मागच्या पानावर गेलं. पहिल्या पानावर एकच प्रश्न राहिला, 'तू आजवर काय खाल्लंस?' उत्तर दिलं, की तो ठिपका उजळायचा आणि त्याचे दुवे दिसायचे (दुवा म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी वाट).

अकराव्या दिवशी आर्द्रा काट्यावर चढली. कुंदामावशी दाराबाहेर थांबली होती, तिला आत येववेना. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, आर्द्राला खाली उतरवलं, आणि पुन्हा चढायला सांगितलं. दोन्ही वेळा तोच आकडा आला, सत्तावीस किलो तीनशे. मग त्यांनी दार उघडून कुंदामावशीला एवढंच सांगितलं, की यानातली मुलीची जागा रद्द करा. मावशी मटकन पायरीवर बसली आणि भरपूर रडली. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही.

यानात एका मुलीच्या वजनाची जागा रिकामी झाली होती. तिथं काय पाठवायचं हे केंद्रानं आर्द्रालाच विचारलं. ती क्षणभरही थांबली नाही. यान निघालं तेव्हा तिच्या जागेवर ज्वारीच्या बियाण्याची पोती बांधलेली होती, सत्तावीस किलो तीनशे ग्रॅम. मंगळावर काचघरं उभी राहत होतीच, पेरायला काहीतरी हवं होतं.

यानाला पोचायला महिने लागणार होते, पण संकेतस्थळाला लागली अकरा मिनिटं. संदेश मंगळावर जायला तेवढाच वेळ. शाल्मली, आर्द्रा आणि आबा केंद्रातल्या पडद्यासमोर बसून राहिले. पाऊण तास झाला, आणि पहिला संदेश आला. आठ वर्षांच्या एका मुलाचा होता. त्यानं लिहिलं होतं, की मी पेज असं उत्तर दिलं, तर एकच रेघ निघाली. तिच्या टोकाला आंबील म्हणून काहीतरी आहे. ते कसं असतं? मला भीती वाटते.

शाल्मली उत्तर लिहायला सरसावली. आंबिलीची सगळी माहिती तिला तोंडपाठ होती. आबांनी तिच्या मनगटावर हलकेच हात ठेवला, आणि ती थांबली.

आर्द्रानं खुर्ची पुढं ओढली. बराच वेळ विचार करून तिनं लिहिलं, "मलाही वाटली होती. ज्वारी निघाली आहे. ती उगवेल, तोवर वास कसा असतो ते मी तुला रोज थोडं थोडं सांगेन. पहिला घास अगदी छोटा घे."